मॅडमना मध्यंतरात बाहेर काढलं

तीर्थस्वरूप अक्कास धाकटीचा उभ्याउभ्याच नमस्कार. (बसून लिहायला घेतलं होतं, पण बसले की पाय हलतो आणि पाय हलला की टेबल हलतं, म्हणून कागद फ्रिजवर ठेवून लिहिते आहे. तोही मधूनच थरथरतो, तेव्हा अक्षर समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढल्यापासून तुला स्वच्छ दिसायला लागलं आणि त्यामुळे घरातली सगळी धूळ दिसून तुझी झोप उडाली, असं भाची फोनवर म्हणाली. माझी तब्येत ठणठणीत आहे. तेच तर दुखणं आहे.

निवृत्त झालीस, आता तरी शांत बस, असं तू लिहिलं होतंस. अक्का, तुला माहीतच आहे, मी त्या कॉलेजात लागले ती संख्याशास्त्र शिकवायला. बास्केटबॉलशी माझा संबंध एवढाच, की माझ्या वर्गाची खिडकी मैदानावर उघडायची आणि चेंडूच्या धपधपीत मला माझंच बोलणं ऐकू यायचं नाही. मुलींच्या संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक ऐन सामन्याच्या सकाळी नोकरी सोडून गेले. प्राचार्य शिक्षकांच्या खोलीत डोकावले तर सगळे खुर्च्यांत आणि मी एकटी उभी. झालं, गळ्यात शिट्टी पडली. त्या दिवशी आमच्या मुली अशा हरल्या की समोरच्यांनी शेवटी शेवटी राखीव खेळाडूंच्याही राखीव खेळाडू उतरवल्या. परतीच्या बसमध्ये मुली मजेत गाणी म्हणत होत्या, कारण त्या जिंकतील असं कुणाला, त्यांच्या आयांनासुद्धा, कधी वाटलंच नव्हतं. माझ्या मात्र अंगाची लाही लाही होत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालून, नियमांचं पुस्तक घेऊन मैदानावर हजर. पुढचं तू वर्तमानपत्रात वाचलंच आहेस. (कात्रणं मीच पाठवायची.) कपांनी कचेरीतलं कपाट भरलं, मग प्राचार्यांच्या फायली बाहेर गेल्या, मग पाण्याचा फिल्टर हलला, आणि शेवटी ते मला म्हणाले, यंदा जिंकायचंच असेल तर जरा लहान कप असलेली स्पर्धा बघा. माझ्या मुलींपैकी एक न्यायाधीश झाली, एक ट्रक चालवते, आणि दोघीही माझा आवाज ऐकला की अजून ताठ उभ्या राहतात.

अशा बाईने शांत बसायचं म्हणजे काय करायचं? आमच्या ह्यांचं बरं आहे. ग्रंथपाल माणूस, सगळा जन्म ‘शांतता राखा’च्या पाटीखाली गेला, निवृत्तीनंतर फक्त पाटी गेली. ते पुस्तक उघडतात आणि दिसेनासे होतात. मी चित्रकलेच्या वर्गाला गेले, तर लोक आपापल्या कोपऱ्यात बसून चित्रं काढतात, कुणी कुणाला काही पास करत नाही. बँकेत रांग विस्कळीत दिसली म्हणून मी ती नीट लावून दिली. सगळे झपाझप पुढे सरकले, पण मॅनेजरने मला आत बोलावून पाणी दिलं आणि घरी कोण असतं असं विचारलं. परवा तर दुकानात एका बाईने साबणाच्या शेवटच्या पुड्याकडे हात नेला आणि मी दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभी राहिले. मला साबण नको होता, अक्का.

आता मुख्य हकिकत. माझ्या जागी ‘मुंगी’ आली. मुंगी म्हणजे माझ्या संघातली सर्वांत बुटकी मुलगी. उड्या मारून काही मिळत नाही हे लवकर कळल्यामुळे ती डोक्याने खेळायला शिकली. त्या जागेसाठी तिचं नाव मीच सुचवलं होतं, आणि जाताना तुझ्या कामात ढवळाढवळ करणार नाही असा शब्दही दिला होता. तो पाळत मी एकाही सामन्याला गेले नाही. पण ती पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात पोचली. तेही कुणाशी, तर तुमच्या गावच्या कॉलेजशी, ज्यांना हरवायला माझी निम्मी कारकीर्द गेली! मी ह्यांना दात दुखतो असं सांगितलं आणि निघाले. आमच्या मुलींनी ओळखू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधून थेट तुमच्या कॉलेजच्या पालकांत जाऊन बसले. माणसं चांगली आहेत. एकीने शेंगदाणे दिले.

पहिला डाव मी जिभेवर दात रोवून काढला. दुसऱ्यात आमची एक उंच पोर चेंडू घेऊन निघाली आणि मागे तिघींची जागा मोकळी राहिलेली मला दिसली. माझं काही चुकलं नाही, तोंड आपोआप उघडलं. “मागे!” एवढंच ओरडले. पण आमच्या पाचही मुली माझ्या हाताखाली तयार झालेल्या. पाचही जणी जिथल्या तिथे वळल्या आणि जीव खाऊन मागे धावल्या. चेंडू हातात असलेली तर चेंडू खाली ठेवून धावली. तुमच्या मुलींनी तो उचलला आणि, आमच्या पाचही जणी चेंडू कुठे राहिला ते शोधत असताना, सावकाश जाळीत टाकला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. शेंगदाणेवाल्या बाईंनी मला मिठी मारली.

मध्यंतरात मुंगी पायऱ्या चढून थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. सगळं सभागृह बघत होतं. मला वाटलं, सल्ला विचारायला आली. खरं सांगते, मी रुमाल सोडून केससुद्धा नीट केले.

“मॅडम, एक विनंती होती.”

“अगं, तुझी ती उजवी बाजू...”

“तुम्ही जरा बाहेर थांबता का?”

आवाज हळू होता, पण बोट दाराकडे होतं. मी उठले आणि गेले. दारापर्यंतचं अंतर मला कधी एवढं वाटलं नव्हतं.

बाहेर आमच्या बसचे चालककाका होते. इतकी वर्षं मला सामन्यांना नेलं, पण एकही सामना पाहिलेला नाही. ते बसमध्ये झोपतात. आम्ही दोघं भिंतीला कान लावून उभे राहिलो. बुटांची किरकिर, चेंडूचा आवाज, मग एकदम काहीच नाही, मग ओरडा, पण कुणाचा ते कळेना. “आपला की त्यांचा?” असं मी त्यांनाच विचारत होते. शेवटी दार उघडलं आणि आमच्या मुली कप घेऊन किंचाळत माझ्या समोरून धावत गेल्या. एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटचा गुण लांबून टाकून मिळाला म्हणे. मी असते तर तो टाकूच दिला नसता.

मुंगी सगळ्यांच्या मागून आली, भिंतीपाशी गेली आणि ओकली. मी तिची पाठ धरली. “माफ करा, मॅडम,” म्हणाली. मी म्हटलं, “अगं, मी प्रत्येक अंतिम सामन्यानंतर ओकत आले. म्हणून तर फोटोत नेहमी उशिरा यायचे.” मग आम्ही दोघी पायरीवर बसलो. बराच वेळ. मी बसले होते, अक्का! सरावाला याल का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं, आणि तिने “बरं” म्हटलं. त्यात तिची सुटका मला ऐकू आली. राग मात्र आला नाही.

तर आता मी बास्केटबॉलला कायमचा रामराम ठोकला आहे. तू निश्चिंत राहा. भाचीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझी माडीवरची खोली रिकामी आहे का? तुमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी मला त्याच संध्याकाळी फाटकापाशी गाठलं. म्हणाले, ज्या बाईच्या एका शब्दावर समोरचा संघ उलटा धावतो, ती आमच्या बाकावर हवी. मी विचार करून सांगते म्हटलं, आणि लगेच हो म्हटलं.

दुसरा ता. क. मुंगीला इतक्यात कळू देऊ नकोस. पुढच्या वर्षी तिला हरवायचं आहे, आणि ती फार हुशार आहे.

तिसरा ता. क. ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन. पत्र टपालात टाकायला त्यांच्याकडेच देते आहे.

(वेगळ्या, बारीक अक्षरात) सौ. अक्का यांस नमस्कार. पाकीट चिकटवायचं ती विसरली होती. खोली दोघांसाठी बघावी. माडीवरची मात्र नको, तळमजल्यावरची द्यावी. ही दिवसभर येरझाऱ्या घालते, आणि खाली राहणाऱ्याचे हाल काय होतात ते मला आमच्या शेजाऱ्यांनी लेखी कळवलं आहे.