टाकीच्या लायनीचा अध्यक्ष

६ एप्रिल १९५९, सोमवार. संध्याकाळी सात.

पाण्याच्या टाकीवर आज पुन्हा मारामारी. पोलाद कारखान्याच्या मजुरांच्या कॅम्प-१ मधल्या आमच्या लायनीत बांबूच्या तट्ट्याच्या बेचाळीस झोपड्या आणि लोखंडी टाकी एकच. दिवसातून एकदा भरते, कधी भरेल त्याचा नेम नाही. चिंधूच्या कपाळावर कोणाच्या तरी बाल्टीची कड लागली. तीन टाके पडले. चिंधू आमच्या समोरच राहतो, तुमसरकडचा, प्लांटमध्ये जड लोखंड वर चढवणाऱ्या रिगरच्या गँगमध्ये आहे. मी तिथे हजर होतो. परिस्थितीचं निरीक्षण केलं. भागाबाई, म्हणजे आमची मंडळी, म्हणते मी झाडामागे लपलो होतो. झाड मध्ये आलं, एवढंच.

ट्रंकेतून मॅट्रिकचं नागरिकशास्त्राचं गाईड काढलं. त्यात स्पष्ट दिलं आहे. आधी माणसं भांडत होती. मग कंटाळली. मग सगळ्यांनी मिळून एकाच्या हाती सत्ता दिली आणि कायदा सुरू झाला. आमची लायन कंटाळण्याच्या स्टेजला आली आहे. आता फक्त तो एक माणूस पाहिजे. मी टाइमकीपर. रोज दोनशे माणसं हजेरीसाठी माझ्यापुढे उभी राहतात.

संकल्प: महिनाभरात लायनीत कायद्याचं राज्य.

७ एप्रिल.

अकरा कलमं लिहिली. कलम एक: सर्वांनी लाइनीत उभं राहावं. कलम दोन: कायद्यापुढे लहानमोठा कोणी नाही. अक्षर फार सुंदर आलं.

भागाबाईला वाचून दाखवलं. ती भाकर थापत होती. म्हणाली, "पन तुमाले हे करायले सांगतलं कोनं?"

मी म्हणालो, लोकांनी.

"कोन्या लोकाइनं?"

अशिक्षित माणसाशी वाद घालू नये. जेवलो.

९ एप्रिल, पाडवा.

सभा झाली. मुहूर्त चांगला म्हणून बत्तासे आणले होते. तेवीस माणसं आली. कलमं वाचली. वाऱ्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नसावं. मग मी विचारलं, कोणाकोणाला पाहिजे? मला म्हणायचं होतं, हा कायदा कोणाला पाहिजे. तेवीसच्या तेवीस हात वर. एका बाईनं दोन्ही हात वर केले. एकमताने अध्यक्ष झालो.

बत्तासे सगळे संपले.

१३ एप्रिल.

चार दिवस झाले, कलम एकसुद्धा कोणी पाळत नाही. आज अन्नपूर्णानं हंडा सरळ सगळ्यांच्या पुढे ठेवला. ही छत्तीसगढी बाई, कोहक्याची, रेजा म्हणजे बांधकामावरची मजूर आहे. दिवसभर डोक्यावर गाऱ्याची, कालवलेल्या चुन्या-मातीची घमेली वाहते. मी तिला कलम चार वाचून दाखवलं. वाचून होईपर्यंत तिचा हंडा भरला. जाताना म्हणाली, बाबू, जरा उचलून दे. उचलून दिला. मागचे लोक हसले.

गाईडमध्ये पुढचा मुद्दा आहे: कायद्यामागे बळ लागतं. सिमेंटच्या गोदामावरचा चौकीदार बाबुलाल आमच्याच लायनीत राहतो. पूर्वी कुस्त्या खेळायचा, मान माझ्या मांडीएवढी. त्याला विचारलं. तो म्हणाला, "करेंगे. लेकिन पानी पहले मेरा." वाजवी अट. कलम बारा लिहिलं: व्यवस्था राखणाऱ्याला पहिला नंबर. बाबुलालला कॅप्टन नेमलं.

१७ एप्रिल.

काय सांगावं. लाइन दोरी धरल्यासारखी सरळ. बाबुलाल काठी घेऊन नुसता उभा राहतो. मारत नाही. एकदाच जमिनीवर आपटली. भांडण नाही, आरडाओरडा नाही, कोणी कोणाशी बोलतसुद्धा नाही. यालाच शांतता म्हणतात.

कलम तेरा केलं: अध्यक्षाचं घर लोककार्यात असल्यामुळे त्याला दुसरा नंबर. भागाबाईला सांगितलं, उद्यापासून थांबायचं काम नाही. ती म्हणाली, "मी नाई जात साऱ्याइच्या पुढं. बाया पाहून राहिल्या ना." आणि हंडा घेऊन शेवटी जाऊन उभी राहिली. अध्यक्षाची बायको शेवटी. मला खाली पाहावं लागलं.

२२ एप्रिल.

टाकीतलं पाणी अवेळी कमी होतं. कोणीतरी चोरतं. माझा संशय अन्नपूर्णावर. बाबुलालचाही तिच्यावरच. त्यानंच कुलूप सुचवलं. आज तोटीला साखळी आणि कुलूप लावलं. किल्ली एकच. ती बाबुलालकडे राहील असं मी ठरवलं. म्हणजे त्यानं खिशात टाकली, मग मी ठरवलं.

२७ एप्रिल.

चिंधू ड्यूटीवरून येऊन माझ्यापुढे उभा राहिला. बसला नाही. बाबुलालनं त्याच्या बायकोला, बेबीताईला, सांगितलं म्हणे, आधी माझ्या घरचे दोन ड्रम भर, मग तुझा हंडा. चार दिवसांपासून ती भरून राहिली आहे. अजून पाच बायांकडून तेच काम.

चिंधू म्हणाला, "गुलाबभाऊ, तुमी त्याले आनलं. तुमीच सांगा."

मी म्हणालो, चौकशी समिती नेमतो. नेमली. सदस्य दोन: मी आणि स्थानिक परिस्थितीची माहिती असल्यामुळे बाबुलाल. समितीचा निष्कर्ष: गैरसमज.

चिंधूनं ऐकून घेतलं. बिडी विझवली, राहिलेली कानावर ठेवली आणि गेला. रोज सोबत चहा घेतो, आज नाही घेतला. रागावणं त्याच्या स्वभावातच आहे.

२ मे, शनिवार.

ऊन भयंकर. लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, सुटली आहे. बाबुलालनं कालपासून दर घरी एकच हंडा केला. मला विचारलं नाही. घाईत राहून गेलं असेल.

किल्लीबद्दल त्याच्याशी मोकळेपणानं बोलायचं ठरवून गेलो. दोन वाक्यं पाठ केली होती. तो खाटेवर बसून पाय धुवत होता, बाल्टीभर पाण्यानं. म्हणाला, "चाबी मेरे पास ठीक है, अध्यक्षजी." उठला नाही. मी म्हणालो, तेच सांगायला आलो होतो. त्याला रीतसर परवानगी दिली.

घरी आलो तर आमच्या हंड्यात अर्धंच पाणी. भागाबाईनं मला प्यायला दिलं आणि स्वतः प्यायली नाही, हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं.

संकल्प: सोमवारी ठामपणे बोलायचं.

४ मे, सोमवार.

बाबुलालला सर्दी झालेली दिसली. आजारी माणसाशी काय बोलायचं.

१० मे, रविवार. संध्याकाळ.

अक्षर नीट येऊन नाही राहिलं. लिहितो.

दुपारी दोनला चिंधूच्या झोपडीला आग लागली. चुलीतला विस्तव, आणि वर ही हवा. तट्टे कागदासारखे पेटले. चिंधू ड्यूटीवर, बेबीताई गोवऱ्या आणायला गेलेली. आत चिंधूची म्हातारी माय, शकुबाई, झोपलेली. अन्नपूर्णानं आत घुसून तिला ओढत बाहेर आणलं. म्हातारीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तोवर बाजूची दोन घरं आगीनं धरली.

सगळे टाकीकडे धावले. टाकी भरलेली. कुलूप लागलेलं. बाबुलाल किल्ली घेऊन दुर्गच्या बाजारात.

मी तोटीपाशी सगळ्यात आधी पोचलो होतो. मी लोकांना म्हणालो, थांबा. मी म्हणालो, किल्ली येते. मी म्हणालो, कुलूप तोडायचं तर आधी ठराव लागेल. हे मी खरंच म्हणालो. पाठ तोटीला लावून, दोन्ही हात पसरून उभा होतो. गर्दीनं टाकी उलटू नये म्हणून.

अन्नपूर्णा दगड घेऊन आली. केस जळालेले. म्हणाली, "घुच, बाबू." बाजूला हो. मी झालो नाही. मले पायच हलवता येत नोते. मग भागाबाईनं माझ्या दंडाले धरून मले बाजूले ओढलं. माझ्या बायकोनं, साऱ्या लोकाइपुढं. अन्नपूर्णानं चार घाव घातले. कुलूप पडलं.

बाल्ट्या हातोहात गेल्या. कोणी नंबर विचारला नाही. तीन घरं गेली, बाकी वाचली.

शकुबाईले दवाखान्यात नेलं. तिचा आवाज अजून कानात आहे.

११ मे. सकाळ.

कालचं अक्षर बिघडलं, आणि भाषाही. आता सावकाश लिहितो.

काल अंधार पडायच्या आधी बाबुलाल आला. तुटलेलं कुलूप हातात घेतलं. काठी उचलून विचारलं, "किसने तोड़ा?"

बाया पाणी भरत होत्या. लाइन होती. कोणी लावली माहीत नाही, पण होती. अन्नपूर्णा म्हणाली, मैं. तेवढंच. आणि हंडा भरत राहिली. बाबुलाल दोन पावलं पुढे गेला. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. चाळीसेक बाया हंडे कमरेवर घेऊन त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मागे प्लांटमधून आलेली माणसं, चिंधूसुद्धा. त्याच्या कपड्यांना दवाखान्याचा वास येत होता.

बाबुलालनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मी काही बोलेन. मी चपलेचा अंगठा नीट करत होतो.

मग भागाबाई बोलली. जी सासऱ्यांपुढे कधी बोलली नाही ती. "बाबुलालभाऊ, तुमचा नंबर शेवटी, त्या कौशल्येच्या मागं हाय. पानी पायजेन तं तिथं उभे राहा."

किती वेळ गेला ते टाइमकीपर असून मला सांगता येणार नाही. काठी हळूहळू खाली आली. तो घरी गेला. मला वाटलं काहीतरी आणायला गेला. तो बाल्टी घेऊन आला आणि कौशल्येच्या मागे उभा राहिला.

एकंदरीत माझं कलम एक लागू झालं असं म्हणता येईल.

१६ मे.

उद्या लायनीची सभा. मला बोलावणं आलं आहे. साहजिक आहे. आता घडी बसली तर लिहिणारा-वाचणारा माणूस लागणारच. कोट धुतला. भाषण चार पानांचं. बाबुलालला काढून टाकण्याचा ठराव मीच मांडावा असा विचार आहे. कडक शब्दांत.

१७ मे, रविवार.

सभा दुपारी चारला, टाकीच्या सावलीत. कोट मी एकट्यानंच घातला होता.

शकुबाई मधे बसली होती. हाताला पांढरं बँडेज, खांद्याला झोळी. बाजूला बेबीताई. मी भाषण काढलं. बेबीताई म्हणाली, "भाऊ, ते ठेवा. आमाले एकच विचाराचं हाय. आग लागली तवा तुमी कुलपापुढं कावून उभे होते?"

मी म्हणालो, व्यवस्थेच्या दृष्टीनं. मग म्हणालो, गर्दीमुळे टाकी... शकुबाई माझ्याकडे पाहत होती, रागानं नाही, ऐकायचं आहे अशी.

पान दोनवर उत्तर होतं. मला ते दिसेना. मी म्हणालो, "बाबुलालले भेत होतो. तो आल्यावर मले विचारन म्हून."

बाबुलाल तिथंच बसला होता. त्यानंही खाली पाहिलं.

मग त्यांनी आपसात ठरवलं. कोणी लिहून घेतलं नाही. टाकीला कुलूप नाही. दर आठवड्याला लाइन पाहणारी बाई बदलेल, आणि तीसुद्धा आपल्या नंबरानंच भरेल. आणि ज्या माणसांमुळे कुलूप होतं, त्यांनी जळालेली तीन घरं उभी होईपर्यंत त्या घरांचं पाणी भरायचं, आपली ड्यूटी करून. म्हणजे बाबुलाल आणि मी. दोघांना सारखंच. मी विचारलं, अध्यक्ष आणि कॅप्टन यांत काही फरक नाही का? चिंधू म्हणाला, "नाई."

कोण कोण कबूल आहे विचारलं. भागाबाईचा हात सगळ्यात आधी वर गेला.

अपील कुठे करायचं ते विचारायला पाहिजे होतं.

२० मे. ड्यूटीनंतर.

तिसरा दिवस. खांदे सुजले. बाबुलाल एका वेळी दोन हंडे नेतो आणि मला काही बोलत नाही. मीही त्याला बोलत नाही. काल वाटेत त्यानं माझा हंडा धरून सरळ केला.

या आठवड्यात लाइन पाहायला अन्नपूर्णा आहे. मी तिला सांगितलं, हे सार्वजनिक काम आहे, सार्वजनिक कामाला पुढचा नंबर असावा. तिनं बोटानं शेवट दाखवला.

शकुबाईच्या दारात हंडा ठेवला. चिंधूनं चार बांबू उभे करून वर पोतं टाकलं आहे, त्यात ती बसली होती. तिनं डाव्या हातानं हंडा जरा तिरपा करून पाहिला. म्हणाली, "बाबू, रस्त्यानं सांडवलं तुनं. अर्धाच हाय. पुन्हा आन."

मी तिला टाइमकीपरची नोकरी, दिवसाचा थकवा, खांद्याची स्थिती हे सगळं सांगणार होतो.

हंडा उचलला. माझ्यापुढे नऊ जण होते.