वगळलेली फाइल

अण्णा, तिसगावच्या सोसायटीतील बियाण्यांच्या कोठाराची किल्ली तुम्ही करगोट्याला बांधत होतात. अंघोळीलाही सोडत नव्हतात. एकदा कोठार बंद करून मी ती दाराशेजारच्या खिळ्याला अडकवून घरी आलो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. “कुलूप लावलं अन् किल्ली तिथंच खिळ्याला टांगली व्हय? मंग कुलूप काय शोभेला हाय?” एवढेच म्हणालात आणि भर उन्हात मला परत पाठवलेत.

आता नागापूरच्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. गेल्या महिन्यात हुकूम आला : प्रोग्रॅममध्येच कोणी पासवर्ड लिहून ठेवले असतील, तर शोधून काढा. मी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिले. तो अक्षरांचा साचा असतो : ‘पासवर्ड’ हा शब्द, पुढे बरोबरचे चिन्ह, त्यापुढे अवतरणचिन्हांत काहीही. साच्यात बसणारी प्रत्येक ओळ संगणक हजारो ओळींतून काढून समोर ठेवतो. दोन सापडल्या. एक माझ्या हाताखालच्या नव्या मुलीची. तिला मी सर्वांदेखत तुमचेच वाक्य ऐकवले, खिळ्यासकट, शुद्ध भाषेत. दुसरी माझी, बारा वर्षांपूर्वीची. अहवाल छापण्यापूर्वी मी शोधात एक अपवाद जोडला : ही फाइल वगळावी.

काल ती मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“सर, शोधात ही एकच फाइल का वगळलीय?”

“जुनी आहे. वापरात नाही.”

“वापरात हाय की, सर. रोज सकाळी चालते.” आणि जाता जाता, हळूच, “खिळा तुमच्याकडं पण हाय म्हनायचा.”

मी चष्मा पुसत राहिलो. तो स्वच्छच होता.

आज अपवाद काढला, अहवाल पुन्हा छापला, मग पासवर्ड बदलला. अहवालात दोन्ही ओळी आल्या. माझ्या ओळीत, अवतरणचिन्हांत, तुमचे नाव आहे. तुम्ही गेल्यानंतर रोज एकदा तरी ते माझ्या कामात वापरले जावे, म्हणून ठेवले होते. तिने ते वाचले. तिला सर्वांसमोर बोललो होतो. माफी मात्र दार लोटून, ती एकटी असताना मागितली.

हा कागद कोठे धाडायचा नाही, म्हणून लिहितो. तुमचे नाव चारचौघांत पडू नये म्हणून ती फाइल वगळली, असे महिनाभर मी स्वतःला बजावत होतो. अण्णा, ते खरे नाही. मी माझेच नाव झाकत होतो.