आईचे वीस सेकंद

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहून गेले. खोडत बसायला वेळ नाही.

गेल्या मंगळवारी आईची फाइल चाळताना तुझ्या अक्षरातला कागद सापडला. 'वय झालंय. श्वास रोखणं जमणार नाही. आणखी एमआरआय नको.' खाली झोकदार सही. अरे, जिने तीस वर्षं तलावावर पोरांना पोहायला शिकवलं, तुला मानगूट धरून पाण्यात बुडवलं, तिला श्वास रोखता येणार नाही? "तिला उगाच त्रास नको," असं फोनवर म्हणालास. त्रास तिचा, ठरवणारा तू कोण?

साध्या स्कॅनमध्ये यकृताचा नुसता आकार दिसतो. कॅन्सरची गाठ सोडली तरी तिचं निम्मं यकृत जुन्या दुखण्याने निकामी झालंय. कुठला भाग अजून राबतोय आणि कुठला नुसता जागा अडवून बसलाय, ते तू नाकारलेल्या, श्वास रोखून काढायच्या या एमआरआयमध्ये कळतं. तेच माहीत नाही म्हटल्यावर डॉक्टरीणबाई सगळंच जपायला निघाल्या. गाठ जाळायच्या किरणांचा डोस इतका कमी ठरवला, की गाठीला नुसत्या गुदगुल्या झाल्या असत्या. आणि तू मान डोलावून बदलीच्या गावी निघून गेलास.

मी भांडले. गुरुवारी एमआरआय झाला. मशीनवरची मुलगी म्हणाली, "आजी, वीस सेकंद. जमेल तेवढंच हं." वीस सेकंद झाले, मशीन थांबलं, तरी आईची छाती हलेना. पोरगी घाबरून आत धावली, तर आई म्हणते, "तू सोडा म्हणाली नाहीस." बाहेरच्या बाकावर मी हसले, रडले, आणि तुला शिव्या घातल्या.

आता किरण निकामी भागातून जातील, चांगली बाजू वाचेल, गाठीला पुरेपूर डोस बसेल. बरी होईल असं कुणी म्हणालेलं नाही. "प्रयत्न करण्यासारखं आहे," एवढंच. तुझ्या त्या सहीपायी वाया गेलेले तीन आठवडे मात्र कुणाकडे मागू?

काल आईने विचारलं, हे आधीच का नाही केलं? मी म्हटलं, मशीन बंद होतं. तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले, तेही तुझ्यासाठी. राग आहे तो त्याचाच. सोमवारी उपचार सुरू होतायत. ये, आणि खरं काय ते तूच तिला सांग. मंगळवारी मी सांगेन, आणि मी काही सांभाळून सांगणार नाही.

तुझीच (ते काही बदलता येत नाही),
धाकटी