ह्यांची चेन मी घासली

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असाल. घाबरू नका, सगळे जिवंत आहेत. तुम्ही कसे आहात? नव्या नोकरीत बसायला खुर्ची मिळाली का, की तिथेही दिवसभर उभंच राहायचं? जेवण वेळेवर होतं ना? खरं सांगणार नाही तुम्ही, पण विचारायचं काम वहिनीचं.

इकडे झाडांची तोड जोरात आहे. टेकडीमागचा सगळा पट्टा पावसाच्या आत मोकळा करायचा आहे, त्यामुळे मशीनं सकाळी सुरू होतात ती दिवे लागेपर्यंत थांबत नाहीत. सगळ्या टोळीच्या चेनसॉ संध्याकाळी माझ्या टेबलावर येऊन पडतात. पूर्वी एअर फिल्टर आपण अधूनमधून धुवायचो, आता रोज धुते. चेन फिरते त्या बारच्या खाचेतला भुसा काढते, बार रोज उलटा करून बसवते, म्हणजे एकाच कडेने झिजत नाही. पेट्रोलमध्ये ऑइल तर मी कुणाला घालूच देत नाही. लांब्याने एकदा अंदाजाने ओतलं आणि पिस्टन धरून बसला. (लांब्या म्हणजे तुमच्या जागी घेतलेला गडी. मान वर करून बोलावं लागतं, म्हणून लांब्या.) तेव्हा मी त्याला जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण तेव्हापासून मशीन बंद पडलं म्हणून काम अडलंय असं झालेलं नाही. मुकादम म्हणतात, बाई, तुझ्या हाताला गुण आहे. गुण कसला डोंबलाचा, घरच्या भांड्यांसारखंच आहे ते, रोजच्या रोज घासलं की साचत नाही.

एक काम होतं. हँडल आणि इंजिनाच्या मध्ये हादरे खाणारी रबरं असतात ना, ती तिकडे चांगली मिळाली तर पाठवा. ह्यांच्या मशीनची पार चिरलीत.

ह्यांची तब्येत बरी आहे. राग पूर्वीसारखाच नाकावर. मी ह्यांच्या शर्टांची बटणं काढून चिकटपट्ट्या लावल्यात, तेवढीच फॅशन. चहाही आता कपात नाही, जाड मगात देते.

ह्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय ते असं: "त्याला कळव, हात ठणठणीत आहेत. डॉक्टरकडे जायची गरज पडली नाही. म्हणावं, तू उगाच भ्यालास आणि आम्हालाही भेवडवत होतास. पुढच्या सोमवारी रस्त्याकडेची जुनी झाडं मी पाडणार आहे. बघायला ये."

हे मी त्यांच्यासमोर लिहिलं. वाचूनही दाखवलं. खूश झाले.

गुरुवार

भाऊजी, वरचं पान फाडून टाकणार होते. पण ते वाचल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळणार नाही, म्हणून तसंच ठेवलंय. ह्यांच्या हातांबद्दलचं त्यातलं अक्षरही खरं नाही.

तुम्ही ह्यांना सांगितलं होतं, दादा, मशीनच्या हादऱ्यांनी तुझी बोटं पांढरी पडतात, हे साधं नाही, दाखवून घे. ह्यांनी तुम्हाला घाबरट ठरवून अंगणातून हाकललं. तुम्ही गेलात ते गेलातच. त्यानंतर बोटं नुसती पांढरी पडत नव्हती, भाऊजी. बधिर व्हायला लागली. आधी शेंडे, मग पेरं. बटण सापडेना. कपाचा चटका लागेना, तळहाताला फोड आला तो मला दिसला, त्यांना नाही. तरी मशीन घेऊन जायचेच. मशीन चालत होतं ना. मीच चालू ठेवत होते. रबरं चिरली तरी काम अडत नव्हतं, आणि मशीनचं काम अडलं नाही की माणसाचंही बरंच चाललंय असं धरून आम्ही दोघं बसलो.

मग गेल्या महिन्यात एक झाड फिरलं. काप सरळ जायचा तो एका बाजूला वळला, आणि लांब्या पाचर ठोकून जिथून नुकताच बाजूला झाला होता, तिथेच झाड येऊन आदळलं. सगळे म्हणाले, वारा. मी संध्याकाळी मशीन उघडलं. चेनचे डावीकडचे दात लांब, उजवीकडचे घासून घासून आखूड. अशी चेन वाकडीच कापणार. बोटांना कानस कळत नाही तर दोन्हीकडे सारखी कशी घासणार हो ते?

आता तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्याच टोळीतले. फिल्टर मी धुते, प्लग मी बदलते, कार्बोरेटर खोलते, पण चेनला कानस ज्याची त्यानेच लावायची. दुसऱ्याने हात लावायचा तो माणूस गेल्यावर. मामंजी गेले तेव्हा त्यांची चेन ह्यांनी घासली, तुम्ही बार धरला होता, आणि मग ते मशीन ह्यांच्या हातात आलं. तोवर त्या दातांना कुणी बोट लावलं नव्हतं. एवढं सगळं माहीत असूनही मी ह्यांची चेन घासली.

हे अंघोळीला गेले की मी बसायची. नळाचं पाणी बंद झालं की कानस खाली. एकदा घाईत बोट कापलं. ह्यांना सांगितलं, भाजी चिरताना लागलं. माझ्यासारखी तोंडाळ बाई, पण ह्या एका गोष्टीत मूग गिळून बसले. मला वाटलं, एवढी तोड संपू दे, लांब्याचा आणि ह्यांचा जीव वाचू दे, मग गोड बोलून डॉक्टरकडे नेईन.

झालं भलतंच. पहिल्यांदा घासली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे हसत घरी आले. कितीतरी दिवसांनी हसत. म्हणाले, "आज भुसा नाही पडला, चांगले कपचे उडत होते. मशीन लोण्यातून गेल्यासारखं गेलं." मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले, लहान मूल धुतलेले हात दाखवतं तसे. "बघ, परत आले. उगाच डॉक्टर डॉक्टर करत होतीस."

मी म्हटलं, "हो, आले."

त्याच भरात मुकादमांकडे जाऊन रस्त्याकडेची झाडं मागून घेतली. तिथे हातभर इकडेतिकडे झालं तर खाली माणसं, गाड्या, घरं. चेन मी सरळ घासून देईन, पण काप घेताना हँडल किती दाबायचं, झाड हलायला लागलं की हाताला जे कळतं, ते मी कुठून घालू? आणि रविवारी वरचं पत्र लिहून घेतलं. तुम्हाला जिंकल्यासारखं. तुमच्याशी बोलायला त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं, भाऊजी. हात बरे झाले म्हणून तुम्हाला बोलावता येत होतं.

सोमवारी सकाळी मी सांगितलं. शेडमध्ये दोघंच होतो. म्हटलं, "हात परत आलेले नाहीत. चेन मी घासते आहे."

मला वाटलं होतं ओरडतील, काहीतरी फेकतील. त्यांनी चेन उचलली, उजेडाकडे धरली. दात एकसारखे होते, ते दिसलंच. मग म्हणाले, "म्हणजे मी गेलो."

मी म्हटलं, "असं काय बोलता."

"आपल्यात काय असतं ते तुला माहीत आहे," म्हणाले. "माहीत असून घासलीस."

त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवत होते, एवढंच. मंगळवारी सगळा दिवस मी मशीनं खोलत आणि परत जोडत बसले. लांब्याने विचारलं, बाई, हे तर सकाळीच केलं होतं ना. त्याच्यावर खेकसले. भाऊजी, मला खूप एकटं वाटलं. तुम्ही असता तर त्यांना माझ्या बाजूने चार शब्द सुनावले असते.

काल हे स्वतः मुकादमांकडे गेले आणि रस्त्याकडचं काम नको म्हणाले. कारण काय सांगितलं ते मी विचारलं नाही. कामावरून सगळे परतत होते तेव्हा शेडमध्ये आले, मशीन माझ्या टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "घास. मी बसतो इथे."

लांब्याने टोपी काढली, गाढव कुठला. मी घासायला लागले. ते समोर बाकावर बसून बघत होते. मधेच म्हणाले, "ह्या दाताला एक हात जास्त मारलास." बरोबर होतं. नजर अजून तशीच आहे त्यांची. मला पुढचं नीट दिसेना, तरी घासत राहिले. सगळी झाल्यावर म्हणाले, "त्याला लिही, मशीन त्याचं. घेऊन जा म्हणावं."

म्हणून लिहिते आहे. या आणि घेऊन जा. पण चालवू नका, भाऊजी. त्यांना कळू देऊ नका, कुठेतरी गुंडाळून ठेवा, पण चालवू नका. तुमचे हात मला नीट हवेत. रबरंही आता पाठवू नका. डॉक्टरची वेळ शनिवारची घेतली आहे. गेलेलं परत येईल असं कुणी म्हणत नाही, आहे ते टिकलं तर बघायचं.

आज दुपारी पायरीवर बसलो होतो. माझ्याशी बोलायला लागलेत. रस्त्याकडची झाडं दुसऱ्या कुणी कुठल्या अंगाला पाडावीत ते समजावत होते, नजर सगळी त्या झाडांकडे. मी त्यांचा हात हातात घेतला. बोटं गार होती म्हणून चोळत बसले. बराच वेळ. मग बोलता बोलता सहज खाली बघितलं आणि थांबले. म्हणाले, "कधीपासून धरलायस?"

मी म्हटलं, "आत्ताच."

तुम्ही आलात की त्यांच्या हातात हात देऊ नका, खांद्यावर ठेवा. खांद्याला कळतं.

लवकर या.

तुमची,
वहिनी