पुंजाराम पाहुण्यांनी केलेली चौकशी

मु. औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप सूर्यभान मामांच्या चरणी भाचा गोकुळचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींना आणि नव्या म्हशीला बरे असावे (म्हशीची तब्येत मामी फोनवर माझ्या तब्येतीच्या आधी सांगतात, म्हणून वेगळे विचारले). मी बरा आहे. म्हणजे आजारी नाही.

पुंजाराम पाहुणे सोयरिकीच्या बोलण्यात एकाएकी गप्प का झाले, असे तुम्ही फोनवर विचारलेत आणि मी म्हणालो, मला काय ठाऊक. मामा, मला ठाऊक आहे. पण मामी फोन स्पीकरवर ठेवतात आणि ओट्यावर निम्मी गल्ली बसलेली असते, म्हणून पत्राने सांगतो. वाचून झाल्यावर चुलीत घालावे.

आधी माझ्या नोकरीचे सांगितले पाहिजे. तुम्ही सोयरिकीत 'भाचा ग्रंथपाल आहे' असे सांगता. वाचनालयाच्या पाटीखाली तसे लिहिलेलेही आहे. मला ठेवले होते कपाटे पुसायला. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि पुसता पुसता मी खुर्चीपर्यंत आलो (बारावीत अडकलेल्या माणसाने यापेक्षा पुढे पुसू नये). त्यातच आमचे अध्यक्ष राजेंद्रअप्पा कुठल्याशा शिबिराला गेले आणि तिथून एक वाक्य घेऊन आले : ग्रंथपाल आता पुस्तकांचा राखणदार राहिला नाही, तो समाजाचा सेवक आहे. तेव्हापासून मी सेवा करतो. पेन्शनवाल्या आजोबांचे हयातीचे दाखले मोबाइलवर काढतो (कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवावे लागतात, एक आजोबा मिचकवता मिचकवता झोपले आणि मशीनने त्यांना हयात मानायचे नाकारले). लाइटबिले भरतो, रेशनकार्डाचे अंगठे घेतो, बाजाराला निघालेल्या बायकांची लेकरे सांभाळतो. समाजाला तहान लागते म्हणून अप्पांनी पाण्याचा कूलर आणला, तो पुस्तकांच्या कपाटासमोर बसवला. कपाटाचे दार आता जेमतेम हातभर उघडते, त्यामुळे सध्या फक्त सडपातळ पुस्तके बाहेर येतात. मागे एका बाईंनी चक्क कादंबरी मागितली, तर मी सवयीने त्यांचा आधार नंबर विचारला. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांची आठवण मला अजून येते.

या सेवेतच चौकशीचे काम माझ्या गळ्यात पडले. आमची अभ्यासिका स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी भरलेली असते, आणि मुलीकडचे लोक स्थळ पक्के करण्याआधी पोरगा खरेच अभ्यास करतो का, हे विचारायला माझ्या टेबलाशी येतात. पहिली चौकशी इंद्रजीतची आली. मी खरे ते सांगितले : सकाळी येऊन तो खिडकीजवळच्या खुर्चीवर बॅग ठेवतो आणि चहाला जातो, अभ्यास बॅग करते. स्थळ मोडले. इंद्रजीतच्या वडिलांनी अप्पांना गाठले, अप्पांनी मला. "गोकुळ, तू सेवक हायेस का सरकारी वकील? कुणाचंबी चांगलंच सांगत जा." मग मी सगळ्यांचे चांगले सांगू लागलो. माझ्या शब्दावर किती मांडव उभे राहिले, मामा! त्यांतल्या मुली आज काय म्हणत असतील, याचा विचार मी जेवताना करत नाही.

आणि एका दुपारी पुंजाराम पाहुणे आले. माझ्या मांडीवर कोणाचे तरी लेकरू होते, एका हातात आजोबांचा मोबाइल होता. पाहुणे पाणी प्यायले, मग त्यांनी खिशातून फोन काढून फोटो दाखवला. "हा पोरगा वळखता का? इथं ग्रंथपाल हाय म्हणं." फोटो माझा होता. मी तो कोटावरून ओळखला. (तुम्हीच मला शहागंजात त्या फोटोवाल्याकडे नेले होते. कोट त्याचा, रंगही त्यानेच दिलेला. इतका गोरा मी जन्मलो तेव्हाही नव्हतो.) 'मीच तो' असे म्हणायला तोंड उघडले, तेवढ्यात लेकरू मांडीवर ओले झाले. अशा अवस्थेत कोणी स्वतःला जावई म्हणून पुढे करतो का? मी म्हणालो, ओळखतो.

ते जवळ सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरीचा बाप हाय मी. खरं सांगा. सायली एकुलती एक हाय माझी."

मामा, बॅगा ठेवून चहाला जाणाऱ्यांसाठी मी खोटे बोललो होतो. स्वतःसाठी जीभ वळेना. त्यांनी विचारत जावे, मी सांगत जावे. नोकरी कायमची? नाही. पगार? अनुदान आले की. शिक्षण? बारावी राहिली. "मग दिवसभर करतो तरी काय?" सगळ्यांची कामे करतो, म्हणालो. "अन् पुस्तकं?" मी कूलरकडे बोट दाखवले.

ते उठले आणि मला हात जोडले. "लई उपकार झाले. पोरगी वाचली माझी. असं खरं बोलणारं माणूस आजकाल घावत नाय. नाव काय तुमचं?" समोर खिडकीजवळ बॅग होती, तिच्यावर मोठ्या अक्षरांत नाव-गाव होते. मी ते वाचून दाखवले.

असो. सायलीचा फोटो तुम्ही मला पाठवला होता. तो खरा वाटतो. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
गोकुळ

ता. क. : आज इंद्रजीतचे वडील पेढे घेऊन आले होते. पुंजाराम पाहुण्यांनी आपण होऊन निरोप धाडला म्हणे : तुमचा पोरगा लई खरा आहे, त्याच्या तोंडूनच ऐकले, येत्या रविवारी पाहायला येतो. इंद्रजीतच्या वडिलांना वाटते, ही माझ्या शिफारशीची पुण्याई. पेढे चांगले होते.

दुसरा ता. क. : मामा, रविवारच्या आत गुडघ्याला पट्टा बांधून एसटीने पाहुण्यांच्या गावी जा. त्यांना सांगा, की टेबलामागचा तो खरे बोलणारा माणूस तुमचा भाचा होता. मात्र त्याने नाव खोटे सांगितले, हे तेवढे सांगू नका. त्यांना माझ्यात एकच गुण सापडला आहे.