पुराचा आवाज

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्यावर रागावावं असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या आठवड्यापासून मात्र फोडणी देताना हात तसाच थांबतो आणि भाजी करपते.

गांधीबागेतल्या आपल्या घराची पुढची खोली आठवते. एका भिंतीशी तुमची ग्रामोफोन दुरुस्तीची अवजारं, दुसरीला ढगांच्या गडगडाटासाठी टांगलेला पत्रा, आणि दर रविवारी सकाळी नाटकातले पडद्यामागचे आवाज शिकायला येणारे पाच-सहा जण. तुम्ही त्यांना समजावत बसत नव्हता. हातात नारळाच्या करवंट्या द्यायच्या आणि म्हणायचं, घोडा आणा. मी चहा घेऊन यायची आणि दाराशी रेंगाळायची. एकदा मी बोलून गेले की हा घोडा तीन पायांचा वाटतो. सगळे हसले. तुम्ही ओरडाल असं वाटलं, पण कप खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "मग तू आण वं चार पायांचा." तेव्हापासून मी शिकायला बसू लागले. चुकलं की इतरांसारखी माझ्याही बोटांवर पट्टी बसायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

मी सतरा वर्षांची असताना एक नाटक कंपनी नागपुरात आली. तिसऱ्या अंकात पुरात गाव वाहून जायचं होतं आणि तो पूर कुणालाच जमत नव्हता, म्हणून त्यांनी ते काम तुमच्याकडे दिलं. पत्र्यातून गडगडाट निघायचा, पाणी काही येईना. मी आठ दिवस खपले. मोठ्या सुपात ज्वारी फिरवली, रांजणाच्या तोंडावरून ओली घोंगडी ओढायला लावली, आणि गाव बुडालं त्या क्षणी सगळे आवाज एकदम थांबवले. ते थांबवणं तुम्ही शिकवलेलं नव्हतं, ते माझं होतं. पुढच्या रांगेतल्या माणसांनी पाय वर घेतले, असं तुम्हीच घरी येऊन आईला सांगितलंत.

पंधरा दिवसांनी कंपनीचे व्यवस्थापक घरी आले. तुम्ही मला मागच्या खोलीत पाठवलं. ते गेल्यावर कळलं की त्यांनी तुमच्या भाच्याला, रविवारी शिकायला येणाऱ्या माझ्या आतेभावाला, कामावर घेतलं होतं. पूर त्यानंच केला, असं तुम्ही सांगितलं होतं. मी विचारलं, काहून? तुम्ही अवजारांतला पेचकस पुसत होता. "त्यायले गडी पाह्यजे होता. तुले कोणी बोलावलं नाही, बाई." मी ते मानलं. पुढे आतेभाऊ सिनेमात गेला. पडद्यावर त्याचं नाव आलं की मी माझ्या मुलांना बोट करून दाखवायची.

गेल्या आठवड्यात काटोलला त्याच्या मुलीचं लग्न होतं. ते व्यवस्थापक आले होते, आता पार म्हातारे. आतेभावानं मामाची मुलगी, अशी माझी ओळख करून दिल्याबरोबर ते जवळ आले आणि माझ्या कानाशी तोंड नेऊन इतक्या मोठ्यानं बोलले की भटजींनी वळून पाहिलं. "तो पूर तुमचाच होता. मी विंगेतून पाहिलं होतं. तुम्हालाच न्यायला आलो होतो, आईंनाही सोबत आणा म्हणालो. पण वडील म्हणाले, तापात मुलीचे कान गेलेत, आता तिला हे काम झेपायचं नाही." आतेभाऊ खाली मान घालून उभा होता. त्या दिवशी तो त्याच खोलीत होता.

तुम्हाला लोकांची भीती वाटली असेल. मला सरळ नाही म्हणाला असतात तर मी रडले असते आणि गप्प बसले असते. माझं काम भाच्याच्या नावावर केलंत, तेही मी गिळलं. पण माझे कान, बाबा? पट्ट्या मारून तुम्हीच घडवलेले. आणि मला कोणी बोलावलं नाही, या एका वाक्यावर मी तेवीस वर्षं काढली.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. आईलासुद्धा हे सांगितलेलं नाही. त्या म्हाताऱ्यानं विचारलं, आता कसं आहे, थोडंफार ऐकू येतं का? आतेभाऊ माझ्याकडे बघत होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी कानामागे हात धरला आणि त्यांना पुन्हा विचारायला लावलं.