ओट्यावरच्या खुर्च्यांचं माप

उमेळे, १२ जानेवारी १९९८

चि. हरिश्चंद्र यास जयवंतीआक्काचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. ओट्यावरच्या बाबांच्या दोन आरामखुर्च्यांचं कापड विरलंय, नाशकातल्या मंडपवाल्याकडून नवं शिवून घेतो, तू माप कळव, असं लिहितोस. इतक्या वर्षांत कौलांची चौकशी केली नाहीस, मग खुर्च्याच कशा आठवल्या? शेजारच्या कार्मिनच्या मुलाने आधी ओटा रंगवला, मग खुर्च्या मांडल्या, मग त्यांच्यावर बिल्डर येऊन बसला. आता तिथे बिल्डिंग आहे आणि माझ्या केळींना ऊन मिळत नाही. वाडीच्या कागदावर तुझ्याबरोबर माझीही सही लागते, विसरू नको. मला खुर्ची लागत नाही, मी जमिनीवर बसते.

तब्येत सांभाळ. माझी माया आहे तशीच आहे.
आक्का

नाशिक, २१ जानेवारी

ती. आक्कास हरिश्चंद्रचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

बिल्डर वगैरे काही नाही गं. माप जुन्या कापडाचं घेऊ नको, ते बसून बसून सैल झालंय. वरच्या दांडीपासून खालच्या दांडीपर्यंत सुतळी धर. एका खुर्चीचं कापड जरा आखूड शिवून घेतो, बसल्यावर फार खोल जायला नको. धवल बदली होऊन नागपूरला गेला. बाकी ठीक. अक्षर वाकडं आलंय, पेन खराब आहे. आंब्याला मोहोर आला का?

राग सोडून दोन ओळी लिही.
तुझा हरी

उमेळे, २८ जानेवारी

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद.

मोहोर आला. तोही मोजून पाठवू का? आखूड कापड घालून एक खुर्ची उंच कोणासाठी ते तू लिहिलं नाहीस. पोट सुटलेला कोणी शेट असणार. दोन्ही खुर्च्यांचं माप अडीच हात. सुतळीनेच घेतलंय, पुन्हा विचारू नको. पेन म्हणे खराब. सहीच्या दिवशी बरोबर चांगलं मिळेल तुला.

देव तुला बुद्धी देवो.
आक्का

नागपूर, १५ फेब्रुवारी

ती. जयवंतीआत्यास धवलचा शि. सा. न.

बाबांनी कापडाचं पार्सल धाडलंय. तब्येतीचं कळवू नको म्हणाले होते, तरी कळवतो. दिवाळीनंतर त्यांना झटका आला. उजवा हात धड चालत नाही, खोल खुर्चीतून एकट्याने उठता येत नाही. इकडे नागपूरला यायला तयार नाहीत, उमेळ्याला राहायचं म्हणतात. पण तुम्हाला विचारायची त्यांना भीती वाटते. हिस्सा मागायला आलास म्हणाल, म्हणून.

रागावलात तर माझ्यावर रागवा.
धवल

उमेळे, २३ फेब्रुवारी

चि. हरी, आशीर्वाद.

पार्सल पोचलं, धवलचं पत्रही. त्याला ओरडू नको. कापड चढवून बसले तर ढुंगण जमिनीला टेकलं. उंच म्हणालास ती खुर्चीही तशीच. मंडपवाल्याला बोल लावू नको. मापात वीतभर मीच वाढवलं होतं, बिल्डर बसला तर बुडावा म्हणून. काल एकीचा नेफा उसवून कापड आत घेतलं, पुन्हा शिवलं. मग उजवा हात पदरात बांधून बसले आणि उठले. कार्मिन कुंपणावरून बघत होती, म्हणाली, बाय, तुला काय झालं? एका हाताने उठता येतं, हरी. धवलला घेऊन लगेच ये.

दुसरी खुर्ची खोलच ठेवलीय. बिल्डर आलाच तर त्याला तिच्यात बसवू.

वाट बघते.
आक्का